डॉम ट्री मेमरीत मावत नाही, की मेमरीतून जात नाही?

एक्सएमएल (टॅगांमध्ये माहिती ठेवणारी फाइल) वाचणारा जावाचा जॉब आउटऑफमेमरीएरर, म्हणजे मेमरी संपल्याची एरर, देऊन मरतो. कुणीतरी एक्सएमएक्स, म्हणजे हीपची (जावा ऑब्जेक्ट ठेवतं त्या मेमरीची) कमाल मर्यादा, दोन जीबीची चार करतं, जॉब चालतो, तिकीट बंद होतं. काही महिन्यांनी तेच तिकीट नव्या नंबराने उघडतं आणि चाराचे आठ होतात. हा फेरा संपत नाही, कारण ‘हीप संपली’ या एकाच तक्रारीमागे दोन वेगळे आजार असतात आणि हीप वाढवली की दोन्ही काही दिवस बरे झाल्यासारखे वाटतात.

पहिल्यात डॉम ट्री, म्हणजे अख्ख्या एक्सएमएल फाइलचं मेमरीत उभं केलेलं झाड, इतका मोठा असतो की मावतच नाही. दुसऱ्यात ट्री नीट मावतो, त्याचं कामही होतं, पण काम झाल्यावर तो जात नाही आणि एकावर एक ट्री साचत राहतात. पहिल्यासाठी वाचायची पद्धतच बदलावी लागते. दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा दोन-चार ओळी पुरतात. निदान न करता औषध दिलं तर सगळा कोड स्टॅक्समध्ये (फाइल थोडी थोडी वाचत पुढे जायच्या पद्धतीत) नव्याने लिहून होतो आणि मग कळतं, की खरा दोषी कुठल्यातरी स्टॅटिक मॅपमध्ये बसलेला एकुलता एक नोड, म्हणजे ट्रीतला एक घटक, होता.

निदान कसं करायचं

जीसी म्हणजे वापरात नसलेले ऑब्जेक्ट काढून हीप मोकळी करणारी जावाची यंत्रणा. तिचा लॉग चालू करा. जावा ९ पासून ‘एक्सलॉग:जीसी’ एवढा पर्याय पुरतो. लॉगमधले वरचे आकडे सोडून द्या, फुल जीसीनंतर, म्हणजे अख्खी हीप साफ झाल्यावर, किती हीप भरलेली उरते ते बघा. प्रत्येक फाइल संपल्यावर ही पातळी पुन्हा खाली येत असेल आणि एखादी मोठी फाइल आली की थेट स्फोट होत असेल, तर ट्री मावत नाही. पातळी दर फाइलगणिक थोडी थोडी वर सरकत असेल, तर ट्री जात नाही.

याहून झटपट उपाय म्हणजे हिस्टोग्राम, कुठल्या क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत याची यादी. जॉब रिकामा बसलेला असताना, म्हणजे कुठलीच फाइल हातात नसताना, जेडीकेसोबत (जावाच्या डेव्हलपमेंट संचासोबत) येणाऱ्या ‘जेसीएमडी’ला प्रोसेसचा आयडी आणि ‘जीसी.क्लास_हिस्टोग्राम’ ही आज्ञा द्या. ती आधी फुल जीसी करते आणि मग फक्त जिवंत ऑब्जेक्ट मोजते. प्रोसेस तेवढ्यापुरती थांबते, त्यामुळे भर गर्दीत चालवू नका. यादीत ‘डिफर्डडॉक्युमेंटइम्पल’ शोधा. जेडीकेतला नेहमीचा डॉम पार्सर दर ट्रीमागे या क्लासचा एकच ऑब्जेक्ट बनवतो, त्यामुळे त्याची संख्या म्हणजेच जिवंत ट्रींची संख्या. काम नसताना ती शून्य हवी. सदतीस दिसले तर सदतीस ट्री कुणीतरी धरून बसलंय, इतका सरळ हिशेब आहे.

धरणारा कोण ते शोधायला हीप डंप, म्हणजे हीपची फाइलीत उतरवलेली प्रत, लागतो. ‘हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर’ हा पर्याय प्रॉडक्शनला कायम चालू असावा आणि डंपचा पाथ अशा डिस्कवर असावा जिथे पूर्ण हीपएवढी जागा आहे. डंप इक्लिप्स मॅट या डंप तपासायच्या साधनात उघडा, डॉक्युमेंटवर राइट क्लिक करून जीसी रूटपर्यंतचा (ज्याला जीसी कधीच काढत नाही त्या टोकापर्यंतचा) मार्ग काढा, वीक आणि सॉफ्ट रेफरन्स (ऑब्जेक्टला पक्कं न धरणारे) वगळा. जो स्टॅटिक फील्ड, थ्रेडलोकल किंवा सेशन वर दिसेल तोच चोर. जाता जाता सांगतो, फाइलमधली लोकांची नावं, खाते क्रमांक, सगळं त्या डंपमध्ये जसंच्या तसं असतं. तो तिकिटाला जोडून चारचौघांत फिरवू नका.

एररच्या स्टॅक ट्रेसवर मात्र फार विश्वास ठेवू नका. हीप ज्या ओळीवर संपली ती ओळ दोषी असेलच असं नाही, आणि डॉमच्या बाबतीत ती अनेकदा भलतीकडेच नेते. पार्सिंग सुखरूप पार पडतं आणि नंतर कुठल्यातरी साध्या ‘गेटफर्स्टचाइल्ड’वर जॉब कोसळतो. ट्रेसमध्ये ‘सिंक्रोनाइझचिल्ड्रन’ किंवा ‘सिंक्रोनाइझडेटा’ दिसतं. कारण असं, की जेडीकेच्या आत जो झर्सिस पार्सर आहे तो सुरुवातीला नोडचे ऑब्जेक्ट बनवतच नाही. सगळी माहिती इंटिजर आणि ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेंमध्ये लिहून ठेवतो आणि तुम्ही एखाद्या नोडला हात लावला की तेवढाच नोड उभा करतो. म्हणून पार्सनंतर मोजलेली मेमरी फसवी असते. ट्रीवरून फिरताना ती वाढतच जाते, आणि मधल्या काळात अ‍ॅरेही असतात आणि ऑब्जेक्टही. थोडेच नोड वाचायचे असतील तर ही सोय चांगली आहे. संपूर्ण ट्री फिरायचाच असेल तर ‘डिफर-नोड-एक्सपान्शन’ हे फीचर बंद करून बघा. मग निदान जे काही फुटायचं ते पार्सिंगच्या वेळीच फुटतं. लक्षात ठेवा, बंद केल्यावर हिस्टोग्राममध्ये ‘डॉक्युमेंटइम्पल’ शोधावं लागेल.

याच कारणामुळे डॉम ट्री नुसता वाचायचा असला तरी थ्रेडसेफ, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरायला सुरक्षित, नसतो. वाचणंच आतून लिहिणं असतं. दोन थ्रेडनी एकाच डॉक्युमेंटवर वाचन केलं आणि कधीतरी विनाकारण नलपॉइंटर आला, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

ट्री जात नाही तेव्हा

प्रत्येक नोडला आपलं डॉक्युमेंट माहीत असतं. ‘गेटओनरडॉक्युमेंट’ उगाच चालत नाही, त्यामागे खरा रेफरन्स असतो. शिवाय नोडला शेजारी माहीत असतात, शेजाऱ्यांना त्यांचे शेजारी. म्हणजे दोनशे एमबीच्या ट्रीतला एक छोटा एलिमेंट कॅशमध्ये ठेवला, तर कॅशमध्ये दोनशे एमबी ठेवले. कोडमध्ये हे अगदी निरुपद्रवी दिसतं: आयडीवरून एलिमेंट शोधणारा एक हॅशमॅप, सुरुवातीला एकदा भरलेला. रिव्ह्यूत कुणी हरकत घेत नाही.

यावर लोक दोन उपाय करतात आणि दोन्ही फसतात. एक म्हणजे ‘रिमूव्हचाइल्ड’ करून नोड ट्रीपासून तोडणं. तोडलेल्या नोडला आईबाप नसतात, पण डॉक्युमेंट तेच राहतं. झर्सिसमध्ये तर ज्या फील्डमध्ये आधी पेरेंट होता त्याच फील्डमध्ये तोडल्यावर डॉक्युमेंट येऊन बसतं. दुसरा उपाय ‘क्लोननोड’. प्रत वेगळी झाली म्हणून निश्चिंत व्हावं, तर प्रतीचं डॉक्युमेंटही मूळचंच. डीप क्लोन केलं तर उलट आणखी जागा गेली.

नोडच हवा असेल तर नवं रिकामं डॉक्युमेंट बनवून त्यात ‘इम्पोर्टनोड’ करा. त्याने खरी वेगळी प्रत होते आणि मूळ डॉक्युमेंटशी नातं उरत नाही. पण माझं सरळ मत असं आहे, की नोड ज्या मेथडमध्ये पार्स झाला त्या मेथडच्या बाहेर जाऊच नये. लागणारी चार मूल्यं स्ट्रिंग किंवा आकडे म्हणून काढा, साध्या क्लासमध्ये भरा, जावा १६ किंवा पुढचं असेल तर रेकॉर्ड वापरा, आणि तेच बाहेर द्या. मेथडच्या रिटर्न टाइपमध्ये ‘नोड’, ‘एलिमेंट’ किंवा ‘नोडलिस्ट’ दिसला की रिव्ह्यूत प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

नोडलिस्टचा उल्लेख मुद्दाम केला. ‘गेटएलिमेंट्सबायटॅगनेम’ परत देतं ती लिस्ट जिवंत असते. तिला तिचा रूट माहीत असतो, म्हणजे लिस्ट धरली की ट्री धरला. वर आणखी एक त्रास आहे. लिस्टवर फिरता फिरता नोड काढले की लिस्ट स्वतःला नव्याने मोजते, मधले नोड सुटतात आणि मोठ्या फाइलवर वेळेचा बोजवारा उडतो. काढायचे नोड आधी साध्या अ‍ॅरेलिस्टमध्ये गोळा करा, मग काढा.

लपून बसायच्या आणखी जागा: स्वतःच्या एक्सेप्शन क्लासमध्ये ‘चुकलेला नोड’ म्हणून ठेवलेलं फील्ड, आणि ते एक्सेप्शन पुन्हा प्रयत्नाच्या रांगेत पडलेलं. एक्झिक्युटरला दिलेला लॅम्ब्डा, ज्याने एलिमेंट पकडून ठेवलाय आणि जो रांगेत वाट बघतोय. थ्रेडपूलमधल्या थ्रेडवर थ्रेडलोकलमध्ये ठेवलेला ‘डॉमपार्सर’. झर्सिसचा हा क्लास थेट वापरलात तर शेवटचं डॉक्युमेंट तो स्वतःकडे ठेवतो, पुढचं पार्स होईपर्यंत किंवा ‘ड्रॉपडॉक्युमेंटरेफरन्सेस’ म्हणेपर्यंत. जेडीकेचा ‘डॉक्युमेंटबिल्डर’ पार्स झाल्याबरोबर हे स्वतःच करतो, म्हणून शक्यतो तोच वापरावा.

मेथडच्या शेवटी ‘डॉक इज इक्वल टू नल’ लिहून किंवा ‘सिस्टम.जीसी’ बोलावून यातलं काहीच सुटत नाही. रेफरन्स दुसरीकडे असेल तर जीसीला कितीही हाका मारा, ट्री हलणार नाही.

हिस्टोग्राममध्ये डॉक्युमेंट शून्य आहेत, तरी मेमरी चढते आणि एररमध्ये ‘मेटास्पेस’ (लोड झालेल्या क्लासची माहिती ठेवायची वेगळी मेमरी) लिहिलंय? मग आजार ट्रीचा नाहीच. जॅक्सबी या एक्सएमएलचे जावा ऑब्जेक्ट करणाऱ्या लायब्ररीचा जॅक्सबीकॉन्टेक्स्ट दर फाइलमागे नवा बनवला जातोय का, किंवा एक्सएसएलटीची (एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेची) स्टाइलशीट दरवेळी नव्याने कंपाइल होतेय का, ते बघा. जेडीकेचं एक्सएसएलटी प्रत्येक स्टाइलशीटचं बाइटकोड बनवून क्लास लोड करतं. ‘टेम्प्लेट्स’ एकदाच बनवा आणि सगळीकडे तेच वापरा.

ट्री मावत नाही तेव्हा

आधी एक हिशेब करून घेऊ, म्हणजे ‘फाइल तर तीनशेच एमबीची आहे’ हे वाक्य तोंडातून येणार नाही. क्यूटीवाय नावाच्या टॅगमध्ये १२ हा आकडा आहे असं धरा. फाइलमध्ये, सुरुवातीचा आणि शेवटचा टॅग धरून, १३ बाइट. मेमरीत ६४-बिट जेव्हीएमवर पॉइंटर आखूड (आठऐवजी चार बाइटचे) ठेवलेले असले तरी एलिमेंटचा ऑब्जेक्ट साठेक बाइटचा, त्यातल्या टेक्स्ट नोडचा तीसेक, स्ट्रिंगचा २४ आणि तिच्या आतल्या बाइट अ‍ॅरेचा आणखी २४. बेरीज १४०च्या आसपास, म्हणजे दहापट. लांबलचक मजकुराच्या फाइलींत हे प्रमाण खूपच कमी भरतं, बारीक बारीक आकड्यांच्या फाइलींत असंच भरतं.

या हिशेबात एक गंमत आहे. टॅगचं नाव पार्सर एकदाच साठवतो आणि सगळ्या एलिमेंटना तेच देतो. त्यामुळे टॅगची नावं आखूड केल्याने फाइल लहान होते, हीप नाही. उलट इंडेंटेशन महाग पडतं. नीट ओळी पाडून लिहिलेल्या फाइलीत दर दोन टॅगांमधली नवी ओळ आणि स्पेस हा वेगळा टेक्स्ट नोड होतो, म्हणजे नुसत्या मोकळ्या जागेचे ऐंशीएक बाइट. ‘सेटइग्नोरिंगएलिमेंटकंटेंटव्हाइटस्पेस’ ट्रू केलं की हे जाईल असं वाटतं, पण त्याला डीटीडी (फाइलची रचना सांगणारे नियम) आणि त्यानुसार तपासणी, म्हणजे व्हॅलिडेशन, लागतं. डीटीडी नसेल तर ते गप्प बसतं, एररही देत नाही.

देवनागरी मजकुराचं गणित मात्र आपल्या बाजूने झुकतं. यूटीएफ-८ फाइलीत एक देवनागरी अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, जावाच्या स्ट्रिंगमध्ये २. जावा ९ पासून नुसत्या इंग्रजी मजकुराला १ बाइट पुरतो, पण त्या स्ट्रिंगमध्ये एक जरी देवनागरी चिन्ह आलं तरी अख्खी स्ट्रिंग दर चिन्हाला २ बाइटवर जाते.

पार्स करण्याआधीच हीप खाणारा एक नेहमीचा नमुना असतो, तो आधी काढा. फाइल वाचून स्ट्रिंग, स्ट्रिंगचे ‘गेटबाइट्स’, त्याचा बाइटअ‍ॅरेइनपुटस्ट्रीम, मग पार्स, आणि काम झाल्यावर लॉगमध्ये टाकायला ट्रान्सफॉर्मरने स्ट्रिंगरायटरमध्ये परत सगळं एक्सएमएल. एकाच मजकुराच्या चार प्रती एका वेळी हीपवर. पार्सरला थेट इनपुटस्ट्रीम द्या. लॉगमध्ये फाइलचं नाव आणि रेकॉर्डचा आयडी पुरतो.

एवढं करूनही मावत नसेल तर स्टॅक्स. जावा ६ पासून जेडीकेतच आहे. बहुतेक मोठ्या फाइलींची रचना सारखीच असते: वर छोटं हेडर, मग एकाच प्रकारचे लाखो रेकॉर्ड. ‘एक्सएमएलस्ट्रीमरीडर’ने रेकॉर्डच्या सुरुवातीच्या टॅगपर्यंत जायचं, तेवढ्याच रेकॉर्डचा छोटा डॉम किंवा जॅक्सबी ऑब्जेक्ट बनवायचा, काम करायचं, सोडून द्यायचं. आतला कोड, एक्सपाथ (ट्रीतले नोड शोधायची भाषा) वगैरे, जवळपास आहे तसा राहतो. जॅक्सबी जावा ११ मध्ये जेडीकेतून काढलं गेलं, ते वेगळ्या डिपेंडन्सीने आणावं लागतं.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जवळपास प्रत्येक जण अडकतो. जॅक्सबीने रीडरवरून एक रेकॉर्ड अनमार्शल केला, म्हणजे त्याचा जावा ऑब्जेक्ट बनवला, की रीडर त्या रेकॉर्डच्या शेवटच्या टॅगच्या पुढच्या इव्हेंटवर उभा असतो. लूप मात्र नेहमीच्या सवयीने ‘नेक्स्ट’ म्हणतं. फाइल इंडेंट केलेली असेल तर पुढचा इव्हेंट मोकळी जागा असतो, तो सुटला तरी बिघडत नाही, टेस्ट पास होते. प्रॉडक्शनला फाइल एका ओळीत येते, पुढचा इव्हेंट थेट पुढच्या रेकॉर्डचा सुरुवातीचा टॅग असतो आणि ‘नेक्स्ट’ त्याला ओलांडून जातं. एकाआड एक रेकॉर्ड गायब. एरर नाही, एक्सेप्शन नाही, फक्त निम्मी संख्या. लूप असं लिहा, की आता रीडर रेकॉर्डच्या सुरुवातीच्या टॅगवर आहे का ते आधी तपासायचं, असेल तर रेकॉर्ड वाचायचा, नसेल तरच ‘नेक्स्ट’. ट्रान्सफॉर्मरला ‘स्टॅक्ससोर्स’ देऊन छोटा डॉम बनवत असाल तरी हेच लूप चालतं, कारण ते रीडर कुठे थांबला याविषयी काहीच गृहीत धरत नाही. टेस्टला इंडेंट केलेली आणि एका ओळीतली, दोन्ही फाइली द्या.

रेकॉर्डच्या आत बेस६४ मध्ये (बायनरी फाइल साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) अख्खं पीडीएफ किंवा स्कॅन असेल तर एकेक रेकॉर्ड वाचूनही हीप फुटते. बेस६४ मुळे मजकूर मूळच्या चार-तृतीयांश होतो. जावा ८ वर तो स्ट्रिंगमध्ये आणखी दुप्पट होतो, आणि डीकोड केल्यावर बाइट अ‍ॅरे वेगळा. अशा वेळी तो टॅग हाताने वाचा, मजकूर तुकड्या-तुकड्याने घ्या आणि डीकोड करत थेट फाइलीत लिहा. ‘इज_कोअलेसिंग’ चालू असेल तर बंद करा, नाहीतर रीडर सगळे तुकडे जोडूनच हातात देईल. प्रत्येक तुकड्यातल्या ओळी तोडणाऱ्या जागा काढा. उरलेली चिन्हं चारच्या पटीत असतीलच असं नाही, म्हणून शेवटची एक ते तीन चिन्हं पुढच्या तुकड्याला जोडायची. सॅक्स (ट्री न बनवता वाचणारी जुनी पद्धत) वापरत असाल तर ‘कॅरेक्टर्स’लाही हेच लागू आहे. एका टॅगचा मजकूर तो अनेक वेळा थोडा थोडा देऊ शकतो. छोट्या फाइलीत तो एकदाच येतो आणि मोठ्या फाइलीत एखादी रक्कम मधोमध तुटलेली सापडते, त्याचं कारण हेच.

‘पण मला शेवटी असलेली एकूण रक्कम आधीच हवी’ किंवा ‘एक रेकॉर्ड दुसऱ्याचा आयडी सांगतो’ अशी अडचण असेल तर फाइल दोनदा वाचा. पहिल्या फेरीत फक्त आयडी आणि लागणारी मूल्यं एका मॅपमध्ये, दुसऱ्या फेरीत खरं काम. डिस्कवरून दोनदा वाचणं हे एका मोठ्या ट्रीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतं, जीसीचा वेळ धरला तर.

खरोखर अख्खा ट्रीच लागत असेल, उदाहरणार्थ एक्सएसएलटीला, तर डॉम देऊ नका. एक्सएसएलटी इंजिन तसंही स्वतःचं अंतर्गत मॉडेल बनवतं. स्ट्रीमसोर्स दिला तर तेवढं एकच बनतं. सॅक्सन या एक्सएसएलटी इंजिनचा ‘टायनीट्री’ अ‍ॅरेंवर आधारलेला, फक्त वाचण्यासाठीचा ट्री आहे आणि डॉमच्या मानाने बराच कमी जागा घेतो.

लूपमधल्या एक्सपाथबद्दल एकच सूचना. मोठ्या ट्रीतल्या प्रत्येक रेकॉर्डवर ‘इव्हॅल्युएट’ केलं, तर जेडीकेचं इंजिन रेकॉर्डच्या बाहेरच्या ट्रीचाही विचार करतं आणि जसजसं पुढे जावं तसतसं संथ होतं. रेकॉर्डचा नोड पेरेंटपासून तोडून मग इव्हॅल्युएट करा, फरक डोळ्यांना दिसेल.

हीप कधी वाढवावी

फाइलच्या आकाराला ठरलेली वरची मर्यादा असेल आणि एका वेळी किती फाइली उघडतात हे तुमच्या हातात असेल, तेव्हा. दुसरी अट लोक विसरतात. एक ट्री एक जीबीचा आणि पूलमध्ये आठ थ्रेड, म्हणजे गरज आठ जीबीची. पार्सिंगच्या आधी दोन परमिटचा एक सेमाफोर (एका वेळी दोनच थ्रेडना आत सोडणारा अडसर) लावला की तोच जॉब तीन जीबीत चालू शकतो. एक्सएमएक्स दिलाच नसेल तर जेव्हीएम मशीनच्या मेमरीचा एक चतुर्थांश घेतं, कंटेनरमध्ये कंटेनरच्या मर्यादेचा. ‘मॅक्सरॅमपर्सेंटेज’ने ते बदलता येतं. आणि ३२ जीबीच्या जरा वर नेऊ नका. तिथे आखूड पॉइंटर बंद होऊन चाराचे आठ बाइटचे होतात, आणि डॉम म्हणजे तर पॉइंटरच पॉइंटर.

फाइल बाहेरून येत असेल तर डॉकटाइप (फाइलच्या सुरुवातीची, डीटीडी आणि एन्टिटी सांगणारी घोषणा) नाकारा, ‘डिसअलाऊ-डॉकटाइप-डेक्ल’ फीचर ट्रू करून. एक केबीपेक्षा लहान फाइल एन्टिटीत (मजकुराला दिलेल्या छोट्या नावात) एन्टिटी घालून काही जीबीपर्यंत फुगवता येते. जेडीके एन्टिटी उलगडण्यावर मर्यादा घालतं, ती बरीच वर्षं ६४,००० होती. मर्यादेची एरर आली की ती मर्यादा वाढवून टाकणारा कोड दिसला तर तो आधी काढा.

दुरुस्ती झाली की टेस्ट जाणूनबुजून छोट्या हीपवर चालवा. एक्सएमएक्स ६४ एमबी, आणि टेस्टनेच तयार केलेली मोठी फाइल. मग तीच हीप ठेवून चौपट फाइल द्या. एकेक रेकॉर्ड वाचणाऱ्या कोडला फाइलच्या आकाराचं सोयरसुतक नसावं, वेळ चौपट लागेल, मेमरी तेवढीच. पहिल्या फाइलीवर पास आणि चौपटीवर नापास झालं, तर निकाल गोळा करणारी एखादी लिस्ट कुठेतरी वाढत असणार. नंतर पन्नास छोट्या फाइली एकापाठोपाठ द्या आणि शेवटी हिस्टोग्राम काढा. डॉक्युमेंटच्या ओळीत शून्य दिसलं, किंवा ती ओळच नसली, की मर्ज करायला हरकत नाही.